सिनेटर नावाचा बैल आणि व्हर्लिनचे मूलभूत हक्क

तळघरात पिण्याचं पाणी साठवून ठेवावं, एवढाच मूळ बेत होता. चार कॅन पाणी. एका माणसाने एका दुपारी उरकावं असं काम. ते काम व्हर्लिन ऑस्ट्रँडरला एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पुरलं. त्यात वकील आली, न्यायाधीश आल्या, आणि भर कोर्टात अशी एक गोष्ट त्याला कळली की अजूनही जेवता जेवता तो कधीकधी घास हातात धरून थांबतो. पाणी मात्र भरायचं राहूनच गेलं आहे.

एप्रिलमधल्या एका दुपारी गावचा भोंगा वाजला. कॅन्ससमध्ये टोर्नेडोचा भोंगा वाजला की बायकामुलं तळघरात जातात आणि पुरुषमंडळी अंगणात येऊन आभाळाकडे बघत उभी राहतात. व्हर्लिनही रीतीप्रमाणे पाच मिनिटं उभा राहिला, समोरच्या अंगणातल्या ड्वेन कूलमनशी ढगाच्या रंगाबद्दल दोन शब्द बोलला, आणि मग त्याच्या बायकोने, ट्वायलाने, त्याला दंडाला धरून खाली नेलं. टोर्नेडो आठ मैलांवरून कुणाच्या तरी रिकाम्या गोठ्याचं छप्पर उचलून निघून गेला. पण त्या पाऊण तासात ऑस्ट्रँडर कुटुंबाची सगळी तयारी उघडी पडली. एक बॅटरी होती, तिच्यात सेल नव्हते. नाताळचं प्लॅस्टिकचं झाड होतं. लग्नात आहेर आलेलं चीज वितळवायचं भांडं होतं, खोक्यासकट. ट्वायलाला तहान लागली, तर घोटभर पाणी नव्हतं.

"उद्या आपण मेलो," ती म्हणाली, "तर लोक म्हणतील, या माणसाला घटना पाठ होती."

हा टोमणा वर्मी लागला, कारण तो खरा होता. व्हर्लिन गावच्या सहकारी धान्य कोठाराचा मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला, एकसष्ट वर्षांचा, सरळमार्गी माणूस. त्याला एकच छंद: देशाची राज्यघटना. तिची खिशात मावणारी प्रत त्याच्या शर्टात सदैव असायची. दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, बँडच्या चौथऱ्यावर उभा राहून तो गावाला मूलभूत हक्क वाचून दाखवायचा आणि गाव बर्गर खात खात ते ऐकायचं. शाळेत दरवर्षी घटनेवरची निबंध स्पर्धा तोच घ्यायचा. एकदा वाहतूक पोलिसाने गाडी अडवली, तर याने काच खाली करायच्या आधी विनाकारण झडती घेऊ नये असं सांगणारी चौथी घटनादुरुस्ती म्हणून दाखवली होती. पोलिसाला फक्त मागचा दिवा फुटलाय एवढंच सांगायचं होतं.

तर दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याचे कॅन आणायचं ठरवलं, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण त्याने ते ड्वेनला सांगितलं.

ड्वेनच्या तळघरात साठा नाही, दुकान आहे. पंचवीस वर्षं टिकणारी वाळवलेली भाजी, जनरेटर, तीन रेडिओ, आणि एका मोठ्या पिंपात काय आहे ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही. त्याने व्हर्लिनला सांगितलं की नुसतं पाणी ठेवणं म्हणजे पोरखेळ. डावीकडच्या घरातल्या बर्नडीन फोल्ट्झबाई, वय पंच्याऐंशी, यांनी लहानपणी व्हर्लिनला रविवारच्या शाळेत बायबल शिकवलेलं. त्यांनी बीटच्या लोणच्याच्या चाळीस बरण्या पाठवून दिल्या आणि सांगितलं, "पोरा, बीट असलं की माणूस कशातूनही वाचतो." यावर वाद घालायची व्हर्लिनची वयाच्या सहाव्या वर्षापासून हिंमत नव्हती. मे महिना उजाडला तोवर मेथडिस्ट चर्चच्या तळघरात गावाची आपत्कालीन तयारी समिती स्थापन झाली होती आणि व्हर्लिन तिचा अध्यक्ष झाला होता. पहिल्याच सभेत त्याने भाषण केलं: तयारी म्हणजे पाणी, अन्न, प्रकाश आणि हक्क. टाळ्या पडल्या. हक्क कुठे साठवायचे हे कुणी विचारलं नाही.

सभा संपल्यावर ड्वेनने त्याला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. तळघरात बंदूक ठेवली आहेस का, असं त्याने विचारलं. व्हर्लिनकडे वडिलांची जुनी दुनळी होती. दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली असायची, वर्षातून एकदा नोव्हेंबरात तितरांच्या शिकारीला उतरायची. तिचं नाव काढल्यावर ड्वेनने त्याच्याकडे कीव करून पाहिलं. वादळ झालं, रस्ते बंद पडले, लुटालूट सुरू झाली, तर तू जिना चढून दिवाणखान्यात जाणार का, असा त्याचा सवाल होता. त्यांच्या होलबर्ग गावची वस्ती नऊशे. त्यातलं कोण कुणाला लुटणार, आणि लुटून बीटशिवाय काय नेणार, हा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

गावातल्या गसच्या दुकानात बंदुका मिळतात, मासेमारीचे गांडूळ मिळतात आणि लग्नासाठी सूटही भाड्याने मिळतो. व्हर्लिनने साधीशी एक बंदूक पसंत केली. मग सरकारी फॉर्म आला. व्हर्लिनला फॉर्म भरायला मनापासून आवडतं. त्याने चष्मा पुसला, प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचला आणि वळणदार अक्षरात उत्तरं लिहिली. तुम्ही फरारी आहात का? नाही. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? इथे तो हसला, गसकडे बघून डोळा मिचकावला आणि "नाही" वर खूण केली. गसने माहिती तपासणीला पाठवली. अशा वेळी वरून तीनच उत्तरं येतात: द्या, थांबा, किंवा देऊ नका. गसने उत्तर वाचलं, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत वाचलं.

"व्हर्लिन," तो हळूच म्हणाला, "नाही म्हणतायत."

मागे सुटाचं माप द्यायला आलेला एक नवरदेव उभा होता. तो दोन पावलं मागे सरकला.

नाव सारखं असलेला दुसरा कुणी गुंड असणार, असं व्हर्लिनने घरी येऊन जाहीर केलं. ट्वायला बटाटे सोलत होती. तिने विचारलं की मग सोडून दे ना, आहे ती दुनळी काय कमी आहे? पण हा आता बंदुकीचा प्रश्नच राहिला नव्हता. बंदूक बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती गावाला तेहेतीस वर्षं वाचून दाखवणाऱ्या माणसाला त्याच दुरुस्तीच्या दारातून परत पाठवलं होतं. त्याने सरकारला चार पानी पत्र लिहिलं. त्यात घटनेतले अकरा उतारे होते.

जुलैत उत्तर आलं. उत्तर एका ओळीचं होतं. ते वाचून व्हर्लिन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला, आणि खुर्ची तिथे नव्हती. जमिनीवर बसल्या बसल्या त्याने ती ओळ पुन्हा वाचली. गुरांची चोरी, टस्कर फोर्क, ऑक्टोबर १९८१, आरोपीने गुन्हा कबूल केला.

आता हे सांगायला हवं. टस्कर फोर्क हे शेजारचं गाव. त्यांच्या शाळेचा मानाचा बैल असतो, लांब शिंगांचा, आणि दर ऑक्टोबरात जुने विद्यार्थी गावी जमतात तेव्हा मिरवणुकीत तो पुढे चालतो. त्या वर्षीच्या बैलाचं नाव सिनेटर. दोन्ही गावांत संध्याकाळी फुटबॉलचा सामना, आणि सामन्याआधी विरुद्ध शाळेचं मानचिन्ह पळवायचं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कुणी झेंडा पळवायचं, कुणी ढोल. अठरा वर्षांच्या व्हर्लिनने भर दुपारी, सगळं गाव अग्निशामक ठाण्यात बर्गर खात असताना, सिनेटरलाच वडिलांच्या गाडीत चढवलं. त्या वेळी त्याच्या अंगात शाळेचं जाकीट होतं आणि जाकिटाच्या छातीवर त्याचं नाव विणलेलं होतं. बैलाला त्याने निळ्या-पांढऱ्या रंगात रंगवलं आणि आपल्या शाळेच्या नागरिकशास्त्राच्या वर्गात नेऊन बांधलं. भिंतीवर पोरांनी कागदावर दहा घटनादुरुस्त्या लिहून लावल्या होत्या. सिनेटरने नववी आणि दहावी खाल्ली. दुसरी वर होती म्हणून वाचली.

कॅन्ससमध्ये तुम्ही झेंडा पळवलात तर खोडी, आणि बैल पळवलात तर गुरांची चोरी. ती गंभीर गुन्ह्यात मोडते. हे त्याला कुणीतरी सांगितलं असतं, पण न्यायाधीशांनी वकील हवा का विचारल्यावर या पठ्ठ्याने छाती काढून सांगितलं होतं की सहावी घटनादुरुस्ती मला वकील देते, आणि तो नाकारण्याचा हक्कही देते. मागच्या बाकावर त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. सहा महिने देखरेख आणि चाळीस तास टस्कर फोर्कच्या गुरांच्या बाजारात शेण उपसणं, एवढ्यावर भागलं. ते शेण उपसत असतानाच कुंपणाशी एक मुलगी येऊन उभी राहायची. चौथ्या शनिवारी तिने लिंबाचं सरबत आणलं. ती ट्वायला. हा किस्सा व्हर्लिन प्रत्येक लग्नाच्या वाढदिवसाला सांगतो: माझे कष्ट बघून तिचं काळीज द्रवलं. त्यात शिक्षा हा शब्द तो कधी घेत नाही. त्याच्या लेखी ते एक प्रकारचं समाजकार्य होतं.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य गावी कोर्टासमोर वकील केली उन्रुहचं ऑफिस आहे. व्हर्लिनने तिला फोन केला. पत्र वाचून दाखवलं. पलीकडून आधी एक प्रश्न आला.

"मिस्टर ऑस्ट्रँडर, घरात आत्ता बंदूक आहे का?"

"आहे की. वडिलांची. भिंतीवर."

"तुम्ही तिच्यापासून किती लांब आहात?"

"असेन चार फूट."

"घराबाहेर जा," केली म्हणाली. "फोन ठेवू नका. चालायला लागा."

व्हर्लिन घरातल्या सपाता घालून अंगणात आला. केलीने समजावून सांगितलं की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, म्हणजे त्रेचाळीस वर्षं तो जे हातात धरून तितरांमागे फिरत होता, ते त्याला हातात धरायची परवानगीच नव्हती. गसच्या फॉर्मवरच्या त्या "नाही" चं काय करायचं ते ती सरकारी वकिलाशी बोलून बघेल. माणूस खरोखरच इतका अडाणी होता हे पटवणं फारसं कठीण जाऊ नये. हे सगळं ऐकताना व्हर्लिन गवतावर उभा होता आणि आपलंच घर त्याला बाहेरून बघावं लागत होतं. शेवटी केली म्हणाली की काम ती घेईल, गुन्हा पुसून टाकण्याचा अर्ज करता येतो. मग म्हणाली, सातवीत असताना मी निबंध स्पर्धेत घटनेवर निबंध लिहिला होता. तुम्ही मला दुसरा नंबर दिला होता. विषय होता, वकील मिळण्याचा हक्क.

दुनळी ड्वेनच्या घरी गेली. व्हर्लिनने तिला हात लावायचा नाही म्हणून ट्वायलाने ती भिंतीवरून काढली आणि ड्वेन ती दोन्ही हातांत आडवी धरून रस्ता ओलांडून घेऊन गेला. दुपारचे चार वाजले होते. बर्नडीनबाई ओसरीवर बसून होत्या. त्यांनी विचारलं, कोण गेलं? आपल्या वडिलांची बंदूक कुणीतरी अशी तिरडीसारखी घेऊन जाताना बघून व्हर्लिनला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. त्या बंदुकीने वडिलांनी त्याला उडत्या पाखरावर नेम धरायला शिकवलं होतं. दर नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, हंगामाच्या पहिल्या सकाळी, ते दोघे आणि नंतर तो एकटा, त्याच शेतात त्याच बांधावरून चालत आला होता. बाकी सगळं गेलं तरी चालेल, समिती गेली तरी चालेल, पण हंगामाच्या आत ती बंदूक परत हातात आली पाहिजे, असं त्याने ट्वायलाला सांगितलं. ती उठून ओटा पुसायला लागली. एरवी ती बोलली असती.

समिती खरंच गेली. म्हणजे कुणी काढून टाकलं नाही, होलबर्गची माणसं सभ्य आहेत. ऑगस्टच्या सभेत ठराव झाला की कामाचा व्याप वाढल्यामुळे एक स्वतंत्र टॉयलेट पेपर उपसमिती असावी आणि तिची धुरा व्हर्लिनच्या अनुभवी खांद्यांवर द्यावी. अध्यक्षपदी ड्वेन आला. त्याने व्हर्लिनला रोज बंदुकीची खबर द्यायला सुरुवात केली. आज तेल दिलं. आज नळ्या पुसल्या. लेका, तुझ्या बापाची बंदूक मस्त बसते रे खांद्याला. हे शेवटचं वाक्य त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण व्हर्लिनला त्या रात्री जेवण गेलं नाही.

केलीने सांगितलं की बैलाच्या मालकाचं मत कोर्ट विचारात घेईल. मालक ऑर्व्हिल स्टकी, वय एक्क्याण्णव, टस्कर फोर्कच्या वृद्धाश्रमात. त्याची माफी मागून आला तर बरं. ट्वायलाने ॲपल पाय करून दिला, गाडीही तिनेच चालवली, पण वृद्धाश्रमाच्या दारात पोचल्यावर म्हणाली की ती बाहेरच थांबते. तिचंच गाव, तिच्याच ओळखीची माणसं. व्हर्लिनला नवल वाटलं, पण त्याच्या डोक्यात त्याची माफी होती. ती त्याने पाठ केली होती.

ऑर्व्हिलने माफी ऐकलीच नाही. त्याने आधी ॲपल पाय खाल्ला. मग तो म्हणाला की बैल रंगवलेला परत आला, पण आला. आठवडाभर लोक बघायला येत होते.

"मी कुठे तक्रार केली होती?" तो म्हणाला. "मी तर हसत होतो. शेरीफला म्हटलं, सोडून दे पोराला. पण ती पोरगी ऐकेना."

"कोणती पोरगी?"

"होती एक. तावातावाने शेरीफच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. म्हणाली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, छातीवर नाव वाचलंय, लिहून घ्या. लिहून दिलं तिने. मग शेरीफचा पण नाइलाज झाला."

नाव काय तिचं, असं व्हर्लिनने तीनदा विचारलं. ऑर्व्हिल खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर पार्किंगमध्ये ऑस्ट्रँडरांची गाडी उभी होती. मग म्हाताऱ्याने चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगितलं की या वयात नावं राहत नाहीत. हरकत नसल्याच्या कागदावर मात्र त्याने झोकात सही केली.

परतताना व्हर्लिन पेटला होता. म्हणजे त्रेचाळीस वर्षं त्याला गुन्हेगार ठरवणारी एक बाई कुठेतरी मोकळी फिरत होती. सहावी घटनादुरुस्ती काय सांगते? आरोपीला आपल्याविरुद्धच्या साक्षीदाराला समोरासमोर बघण्याचा हक्क आहे. हा हक्क त्याने अठराव्या वर्षी वापरला नव्हता. आता वापरणार. ट्वायला गाडी चालवता चालवता म्हणाली, तुला बंदूक हवीय की ती बाई? व्हर्लिन म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने सिग्नल नसलेल्या चौकात गाडी थांबवली, आणि मग पुढे निघाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी सुनावणी होती. केलीने बजावून ठेवलं होतं की तुम्ही फक्त विचारलेल्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायचं. सगळं सुरळीत चाललं होतं. सरकारी वकिलाने हरकत नाही म्हटलं. गसच्या फॉर्मचं प्रकरणही त्याने अडाणीपणात जमा केलं होतं. ऑर्व्हिलचा कागद वाचला गेला. ड्वेन आणि बर्नडीनबाई वर्तनाची ग्वाही द्यायला आले होते; बर्नडीनबाईंनी शपथेवर सांगितलं की पोरगा लहानपणी बीट खात नसे, पण आता खातो. न्यायाधीश हॉकन्सनबाई सही करायला पेन उघडत होत्या. तेव्हा व्हर्लिन उभा राहिला. केलीने त्याचा कोट खाली ओढला. तो कोटातून वर आला.

त्याने खिशातली घटना काढली आणि साक्षीदाराला समोर आणण्याची मागणी केली. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा खटला नाही, अर्ज आहे, तो हक्क इथे लागू होत नाही आणि तुम्ही जिंकत आला आहात, खाली बसा. व्हर्लिन म्हणाला की आपण बसू, पण ज्या व्यक्तीमुळे आपण त्रेचाळीस वर्षं न कळता कायदा मोडत राहिलो, तिचं नाव ऐकून बसू. बाईंनी खांदे उडवले. नाव गुपित नव्हतंच, जुन्या फाइलीत दुसऱ्या पानावर होतं. त्यांनी पान उलटलं आणि वाचलं.

"ट्वायला रूथ श्राग. वय सतरा. राहणार टस्कर फोर्क."

व्हर्लिनच्या मनात पहिला विचार असा आला की काय योगायोग, माझ्या बायकोचंही माहेरचं नाव हेच. दुसरा विचार येईपर्यंत बराच वेळ गेला. मग तो मागे वळला. ट्वायला पर्समध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होती, आणि त्या पर्समध्ये इतकं शोधण्यासारखं काही नसतं हे त्याला चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

"साक्षीदार हजर दिसतेय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. वीस वर्षांच्या कामात इतका मजेचा गुरुवार त्यांना मिळाला नसावा. "या पुढे. आता अर्जदारांना हक्क हवाच आहे, तर तो पुरता मिळू दे."

ट्वायलाने शपथ घेतली. व्हर्लिन तिच्यासमोर उभा राहिला. घटनेची प्रत त्याच्या हातात उलटी होती. त्याला मोठमोठे प्रश्न विचारायचे होते, पण घशातून एकच बाहेर पडला.

"का गं?"

"मी त्या वर्षी मिरवणुकीची राणी होते," ट्वायला म्हणाली. "सिनेटर माझी गाडी ओढणार होता. आईने आणि मी तीन महिने बसून पोशाख शिवला होता, पांढरा, लांब मागे सोडलेला. तू माझ्या डोळ्यांदेखत बैल घेऊन गेलास. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मग मला खताच्या ट्रकवर बसवून अख्ख्या गावातून फिरवलं. भरलेल्या ट्रकवर."

मागे ड्वेनच्या तोंडून एक आवाज निघाला आणि बर्नडीनबाईंनी त्याला चिमटा काढला.

"आणि गुरांच्या बाजारात? कुंपणाशी? माझे कष्ट बघून..."

"तू शेण उपसताना बघायला यायचे मी," ट्वायला म्हणाली. "मजा यायची. तीन शनिवार मजा आली. चौथ्या शनिवारी तू घसरून त्यातच पडलास, आणि उठून आधी आजूबाजूला बघितलंस की कुणी पाहिलं तर नाही. मला कसंतरी झालं. म्हणून सरबत आणलं." तिचा आवाज जरा खाली आला. "सांगणार होते. पहिल्या वर्षी सांगणार होते. पण तू तो किस्सा इतका छान सांगायचास."

व्हर्लिनला बसावंसं वाटलं आणि या वेळी खुर्ची होती. राग यावा असं त्याला वाटत होतं, पण राग यायला जागाच मिळेना. पांढऱ्या पोशाखातली सतरा वर्षांची मुलगी खताच्या ट्रकवर बसलेली त्याला दिसत होती, आणि तिला तिथे त्याने बसवलं होतं.

न्यायाधीशबाईंनी शेवटचा प्रश्न स्वतः विचारला. या माणसाला बंदूक बाळगण्याचा हक्क परत देण्यास साक्षीदाराची काही हरकत आहे का? ट्वायलाने विचार केला. फार वेळ विचार केला. केलीने पेन खाली ठेवलं. आता वडिलांची बंदूक, नोव्हेंबरची सकाळ, सगळं त्या एका बाईच्या शब्दावर होतं, आणि ती शपथेवर होती.

"काहीच हरकत नाही," ट्वायला म्हणाली. "याच्यापासून कुणाला धोका नाही. चाळीस वर्षांत याने एक तितर पाडलेलं नाही. जे घरी आणतो ते ड्वेन देतो याला. मला पिसं काढताना ड्वेनचे छर्रे सापडतात."

कोर्टातल्या टंकलेखिकेने हे शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. हक्क परत मिळाला. तो आदेश आणि ही साक्ष एकाच फाइलीत आहेत, आणि ती फाइल काउंटी जिवंत असेपर्यंत जपून ठेवली जाणार आहे.

घरी आल्यावर दोन दिवस व्हर्लिन तळघरात जाऊन बीटच्या बरण्यांकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी ड्वेनने दुनळी आणून दिली, दारातूनच, खाली बघत. व्हर्लिनने ती हातात घेतली, नळ्या उघडून आत बघितलं, लाकडावरून हात फिरवला. वडिलांच्या अंगठ्याने जिथे झीज झाली होती तिथे त्याचा अंगठा बरोबर बसला. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि ट्वायलाला म्हणाला की शनिवारी सकाळी तू पण चल. चाळीस वर्षांत त्याने तिला कधी विचारलं नव्हतं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी शेतात दहिवर पडलं होतं. दोघं बांधावरून चालत होते. पन्नास पावलांवर कापलेल्या मक्यातून एक तितर फडफडत उठलं, मोठं, तांबूस, सावकाश उडणारं. आंधळ्यालाही नेम लागावा असं. व्हर्लिनने बंदूक खांद्याला लावली आणि दोन्ही नळ्या झाडल्या. तितर तसंच उडत शेजारच्या काउंटीत गेलं. धूर विरला. दोघं तिथेच उभे राहिले.

"म्हण काय म्हणायचं ते," व्हर्लिन म्हणाला. "खरं काय ते सांग."

ट्वायलाने त्याच्या कॉलरमध्ये अडकलेली मक्याची पात काढली.

"आता मी शपथेवर नाहीये," ती म्हणाली. "अगदी थोडक्यात हुकलं."